प्लीज वेट

बाबांना मी कॅनडाच्या व्हिसाचा तो फॉर्म इथून माझ्या रात्री साडेदहाला पाठवला, म्हणजे त्यांच्या सकाळी आठला, आणि लिहिलं की नुसता उघडून बघा, नावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखंच पडलंय ना. सकाळी सातला उठून फोन केला. कराडला तेव्हा साडेचार वाजलेले.

"बघितला का?"

"नाही अजून. प्लीज वेट म्हणतंय. थांबलोय."

"कधीपासून?"

"तुझा मेसेज आला तेव्हापासून. मधे फक्त जेवलो."

त्यांची काही चूक नाही. ३६ वर्षं हायस्कूलात गणित शिकवलेला माणूस, बोर्डाचं सूचनापत्रक अक्षर न अक्षर पाळलेला, त्याला थांबा म्हटलं की तो थांबणार. आता तो आयएमएम ५२५७ नावाचा फॉर्म मोबाइलवर उघडतच नाही, ब्राउझरमधेही नाही, कॉम्प्युटरवर एका ठराविक सॉफ्टवेअरमधेच उघडतो आणि बाकी सगळीकडे नुसतं 'प्लीज वेट' दाखवत बसतो, हे मला तरी कुठे माहीत होतं, मी स्वतः आदल्या आठवड्यात चहाचे दोन कप संपेपर्यंत त्याच्यासमोर बसले होते.

तर कॅनडाचा सुपर व्हिसा. नाव ऐकून वाटतं याला मागे लाल टॉवेल बांधून उडता येत असेल. आईवडील आणि आजीआजोबांसाठी हा २०११ च्या डिसेंबरात सुरू झाला, तेव्हा एका वेळी दोन वर्षं राहता यायचं, ४ जुलै २०२२ पासून सलग पाच वर्षं. बोलावणारा मुलगा, मुलगी किंवा नातवंड, पण पीआर, म्हणजे कॅनडाचा कायमचा रहिवासी, नाहीतर सिटिझन पाहिजे. मला आईबाबा आणि आजी असे तिघं बोलवायचे होते. आजी म्हणजे बाबांची आई, वय ८२.

पहिली परीक्षा माझीच. घरात किती डोकी, आणि येणाऱ्यांना धरून किती होणार, आणि तेवढ्यांना पोसण्याइतका तुमचा पगार आहे का, हे टॅक्सच्या कागदांनी सिद्ध करायचं. मी, नवरा, मुलगी तीन, ते तीन, झाले सहा. माझ्या एकटीच्या पगारात सहा बसेनात म्हणून नवऱ्याचा पगार जोडला, तसं चालतं, त्याने सहीही लगेच केली आणि सही करतानाच अगदी सहज विचारलं की हाच फॉर्म पुढच्या वर्षी माझ्या आईबाबांना पण चालेल ना. चालेल म्हटलं. काय म्हणणार.

मग नावं. फॉर्म विचारतो, याआधी कधी दुसरं नाव वापरलंय का? आईचं लग्नात नाव बदललेलं, नुसतं आडनाव नाही, सगळंच, आपल्याकडे तेव्हा बदलायचेच. बाबा म्हणाले, "नाही लिही. जुनं कशाला उकरायचं." तर आई मागून, भांडी घासता घासता, "हो लिही. बावीस वर्षं मी ती होते." हो लिहिलं. मग बाबांना धास्ती, पुरावा मागितला तर? नवऱ्या मुलाने तांदळाच्या ताटात अंगठीने गिरवलेलं नाव, त्या तांदळाचा पुढे भात झाला, अपलोड काय करणार.

जन्मतारखेचं तर बोलूच नका. बाबांची १ जून. आजीचीही १ जून. बाबांची शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली, आजीची पासपोर्ट काढताना बाबांनी लावलेली, कारण आजीला एवढंच माहीत की तिचा जन्म झाला तेव्हा घरात कुणीतरी पावसाला शिव्या देत होतं. बाबांनी नोकरीत असताना स्वतःही किती पोरांना १ जून वाटली असेल देव जाणे. व्हिसा ऑफिसरला वाटलं असणार की या जिल्ह्यात त्या दिवशी काहीतरी होतं.

त्यात कुटुंबाच्या माहितीचा वेगळा फॉर्म. भाऊबहिणी सगळ्या लिहा, हयात नसलेलेही लिहा, कधी वारले तेही लिहा. आजीची भावंडं सात. व्हिडिओ कॉलवर आजीचं कपाळ आणि अर्धा पंखा एवढंच दिसत होतं आणि ती एकेक भावंड आठवत होती, थोरल्या आक्काच्या नवऱ्याने म्हैस कशी विकली ते मधेच, आणि मी इकडे कर्सर धरून बसलेली. धाकटा भाऊ तरुणपणी पंढरपूरला म्हणून गेला तो परत आलाच नाही. फॉर्ममधे पुढचा रकाना, व्यवसाय. मी 'माहीत नाही' लिहिते म्हटलं तर आजी चिडली, "म्हाईत न्हाई कसं? वारीला गेलाय की त्यो."

इन्शुरन्स म्हणजे या सगळ्याचा कळस. निदान एक लाख डॉलरचं कव्हर, निदान एक वर्षाचं, आणि नुसतं कोटेशन चालत नाही, पैसे भरल्याची पावती लागते, म्हणजे व्हिसा मिळेल की नाही माहीत नसताना आधी विमा विकत घ्यायचा, साखरपुड्याच्या आधी हॉल बुक केल्यासारखं. ब्रोकर मोठा गोड बोलायचा. त्याचा आवडता शब्द 'स्टेबल'. जुनं दुखणं असेल तर ते इतके महिने स्टेबल पाहिजे, म्हणजे गोळी बदललेली नको, डोस वाढलेला नको, कमी झालेलाही नको. आणि बाबांच्या डॉक्टरांनी नेमकी पंधरा दिवसांपूर्वी शुगरची गोळी बदललेली. का, तर रिपोर्ट चांगले आले म्हणून अर्धी केली. तब्येत सुधारली आणि बाबा अनस्टेबल झाले! ते लगेच डॉक्टरकडे जाऊन म्हणाले की माझी पुन्हा एक करा, मुलीच्या पॉलिसीत बसत नाही. डॉक्टरांनी घालवून दिलं ते बरं केलं.

पॉलिसीत रिपॅट्रिएशन नावाचं कलम होतं. आजीने त्याचा अर्थ विचारलाच. मी जरा आडवळणाने सांगितलं, की समजा तिकडे काही झालंच, तर परत आणायचा खर्च कंपनीचा.

"म्हंजे मेल्यावर यायचं तिकीट त्यांचं?"

"हो आजी."

"मग तू माझं जायाचंच काढ की. दोन-दोन कशाला?"

हे मी ब्रोकरला सांगितलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. व्हिसा देतात पाच वर्षं राहायचा, आणि पटवून काय द्यायचं, तर हे लोक तिकडे राहणार नाहीत, परत जातील. ज्या बाबांना पुण्याला आत्याकडे दुसऱ्या रात्री झोप लागत नाही, त्यांनी परत जाण्याचा पुरावा द्यायचा! त्यांनी तो दिला मात्र झोकात. सातबारा काढला. मराठी कागद चालत नाही म्हणून त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, शपथपत्रासकट. चौतीस गुंठे जमीन, खातेदार अकरा, सामाईक, पीक ऊस, आणि इतर हक्कात सोसायटीचं कर्ज, तेही इमानदारीत भाषांतरित. मी म्हटलं अकरा नावं बघून ऑफिसरला वाटेल गाव विकत घेतलंय. बाबा म्हणाले, "उलट त्याला कळेल. भाऊबंदकीत जमीन आहे म्हणजे माणूस लांब राहूच शकत नाही."

पण हुकमी पान त्यांनी शेवटी टाकलं. हयातीचा दाखला. दर नोव्हेंबरात पेन्शनरने आपण जिवंत असल्याचं बँकेला कळवायचं असतं, नाहीतर पेन्शन थांबते. आता ते मोबाइलवरूनही होतं हे मी सांगून बघितलं, पण ज्या मोबाइलने त्यांना दिवसभर थांबवून ठेवलं त्याच्यावर ते आपला जीव सोपवायला तयार नव्हते. अर्जासोबतच्या पत्रात स्वच्छ अक्षरात वाक्य घातलं, की मला नोव्हेंबरमधे जिवंत असल्याचं सांगण्यासाठी समक्ष हजर राहणं भाग आहे. मला वाटतं ते वाचून कुठलाही ऑफिसर विरघळेल.

मेडिकल ठरवून दिलेल्या डॉक्टरकडेच, आपला नेहमीचा चालत नाही, एक्सरे, रक्त, लघवी, तिघं पार पडले. बोटांच्या ठशांना मात्र गंमत झाली. मुंबईला जायचं म्हणून आजी पहाटे चारला नवीन लुगडं नेसून तयार, आणि बाबांना माझा मेसेज, की ७९ च्या वरच्यांचे ठसे घेत नाहीत. आजी भडकली. मग जरा विचार करून म्हणाली, "म्हंजे आता म्या चोरी केली तरी सापडायची न्हाई."

पुढे काही महिने प्लीज वेट. मग एका रात्री पासपोर्ट पाठवा असा मेल आला. व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपुढे जात नाही हे वाचलेलं असून लक्षात राहिलं नव्हतं. आजीचा पासपोर्ट कोरा करकरीत, तिला पार ब्याण्णव वर्षांची होईपर्यंत व्हिसा. आईला सात वर्षं. बाबांचा पासपोर्ट जुना, त्यांना जेमतेम तीन. आईने दोन्ही स्टिकर शेजारी ठेवून बघितले आणि एवढंच म्हणाली, "बघू. नंतर मी एकटी जाईन."

ऑगस्टमधे आले. टोरंटो एअरपोर्टवर मी तास-दीड तास रेलिंगला धरून उभी. आधी व्हीलचेअरमधे आजी, मांडीवर पिशवी, मग आई, मागे ट्रॉली ढकलत बाबा, चेहरा असा की काहीतरी मोठं निभावून आलोय.

"काय विचारलं?"

"किती दिवस राहणार विचारलं. म्हटलं ऑक्टोबर अखेर. तर म्हणतो, सर, तुम्ही पाच वर्षं राहू शकता. म्हटलं नको नको. तर परत म्हणाला, शुअर? फार आग्रह करत होता गं तुमचा साहेब." घाम पुसत म्हणाले, "पण मी काही ऐकलं नाही."

आजी व्हीलचेअरमधून मान वळवून माझ्याकडे बघत होती.

"मला कुनी इचारलंच न्हाई," ती म्हणाली. "मी ऱ्हायले असते."