स्कूटरच्या क्लच कव्हरला होल मारून बेल्ट वाचत नाही, त्याची वाट लागते

एक व्हिडिओ सध्या जोरात फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. कुठल्यातरी बर्फाच्या देशात एक माणूस स्नोमोबिलच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या, क्लचवरचं कव्हर काढतो, त्याला भोकं पाडतो, जाळी बसवतो, आणि वरून कोणीतरी मराठीत आवाज दिलाय की हेच आपल्या स्कूटरला करा, बेल्ट (इंजिनची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा रबरी पट्टा) डबल चालेल. पुढे सगळी कृती सांगितलीय: डाव्या बाजूच्या कव्हरला ५ होल मारा, कव्हर काढायचीही गरज नाही, १० मिनिटांचं काम, वारा थेट बेल्टवर लागेल, अ‍ॅव्हरेज वाढेल, पावसाळ्यात जाळी लावा, आणि कंपनीने ते कव्हर मुद्दाम बंद करून ठेवलंय, हे सांगत नाही कारण तिला बेल्ट विकायचेत.

माझा मामेभाऊ भांडुपला राहतो, स्कूटरवर डिलिव्हरी करतो, त्याने हे पाठवून खाली लिहिलं, "दादा, पावसाच्या आधी करून घेऊ का?" पावसाच्या आधी! त्याला फोनवर समजावून झालं, पण त्याच्या डिलिव्हरीवाल्या पोरांच्या ग्रुपमध्ये ते अजून फिरतंय आणि एक-दोघं ड्रिल मशीन शोधतायत, म्हणून हे लिहायला बसलो.

पहिल्यांदा "कंपनीने बंद करून ठेवलंय" हा मुद्दा घेतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. ते कव्हर बंद डबा नाहीये. पुढची पुली, जिला व्हेरिएटर म्हणतात, तिच्या बाहेरच्या तोंडावर पंख्यासारखी पाती असतात. कुठल्याही गॅरेजमध्ये कव्हर उघडलेली स्कूटर दिसली तर वाकून बघा, लगेच दिसतील. इंजिन फिरलं की ती पाती फिरतात, ठरलेल्या वाटेने बाहेरची हवा आत ओढतात, ती बेल्टवरून मागे क्लचच्या बेलपर्यंत, म्हणजे क्लचभोवती फिरणाऱ्या वाटीपर्यंत, ढकलतात आणि मग ती बाहेर जाते. गाडी सिग्नलला उभी असली तरी हा पंखा चालूच, कारण तो क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्यावर बसलाय, चाकावर नाही. ज्या कंपनीला बेल्ट जाळायचेच आहेत ती पुलीवर पाती कशाला ओतेल?

यामाहाच्या एरॉक्स १५५ सारख्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये बघा, त्यात व्ही-बेल्ट केसचा एअर फिल्टर असा वेगळा पार्टच दिलाय. बेल्टच्या डब्यात जाणारी हवा गाळायला फिल्टर! तो ठरावीक अंतराने साफ करा, आणि पावसात किंवा धुळीत गाडी चालत असेल तर त्याहून लवकर साफ करा, असं तिथे लिहिलंय. म्हणजे हवा आत जायला हवी हे कंपनी स्वतःच छापून सांगते, पण गाळलेली हवा. तुमच्या गाडीला असा वेगळा फिल्टर नसला तरी हवेची वाट ठरलेलीच असते. तुम्ही ५ होल मारले की गाळणं संपलं, मेट्रोच्या कामाची धूळ, खडीची कच, रस्त्यावरची वाळू सरळ बेल्ट आणि पुलीच्या मध्ये. बेल्ट पुलीला दोन्ही बाजूंनी घासूनच पकडतो, तिथे कच गेली तर बेल्टही घासला जातो आणि पुलीच्या तोंडावर चरेही पडतात, आणि पुली बेल्टपेक्षा महाग पडते.

आता "वारा थेट लागेल". कव्हर गाडीच्या डाव्या बाजूला आहे, समोर नाही. वारा त्याच्यावरून पुढून मागे सरकत जातो, भोकात वळून शिरत नाही. शिवाय बेल्ट खरा कधी तापतो? साकीनाक्याला इंच इंच गाडी सरकते तेव्हा, आणि त्या स्पीडला वारा असतो कुठे? तिथे फक्त आतला पंखाच कामाचा, आणि होल नेमके त्याचंच काम बिघडवतात. किचनमध्ये एक्झॉस्ट फॅन लावलाय आणि त्याच्या शेजारचीच खिडकी उघडली तर फॅन त्या खिडकीची हवा ओढून बाहेर टाकत बसतो आणि शेगडीवरचा धूर तिथेच राहतो, तसं होतं हे. पातीच्या जवळ होल पडलं की ढकललेली हवा तिथूनच बाहेर निसटते आणि मागच्या क्लच बेलपर्यंत, जिथे ट्रॅफिकमध्ये सगळ्यात जास्त गरमी असते, तिथपर्यंत कमी पोचते.

स्नोमोबिलवाले करतात हे मात्र खरं आहे, ते मान्य करतो. आणि गरमीने बेल्ट मरतो हेही खरं आहे, त्यात वाद नाही. पण त्यांचं मशीन काय आहे ते बघा ना. शंभर-दीडशे हॉर्सपॉवर एका रबरी बेल्टमधून जाते, आपल्या ११० सीसी स्कूटरची ताकद ८ हॉर्सपॉवरच्या आसपास. त्यांचा क्लच इंजिनच्या शेजारी, बाजूच्या पॅनेलच्या आत कोंडलेला असतो, आणि ते लोक फुल थ्रॉटलवर लांब लांब जातात, म्हणून तिथे गरम हवा बाहेर काढायची खटपट करावी लागते. बाहेर हवा शून्याच्या खाली, बर्फ भुकटीसारखा कोरडा. तरीही तो आत जाऊन वितळला की बेल्ट स्लिप होतो, म्हणून ती माणसं पाणी न धरणारी खास जाळी लावतात आणि एक स्पेअर बेल्ट गाडीतच ठेवतात. तो बेल्ट ते रस्त्यात थांबून बदलतात, कव्हर काढलं, जुना काढला, नवीन घातला, निघाले. आपल्याला कव्हरचे सगळे बोल्ट काढून, पुली धरून, तिचा घट्ट नट सोडवावा लागतो. भर पावसात मिलन सबवेच्या तोंडाशी हे कोण करणार आहे?

आणि ज्यांच्या चारचाकी एटीव्ही चिखलातून, पाण्यातून जातात, त्यांच्याकडेही असाच बेल्ट असतो. ते काय करतात? क्लचच्या हवेचा पाइप उंच नेतात, पार हँडलच्या जवळ, म्हणजे पाणी आत जायला नको. खाली होल मारत नाहीत. आपली मुंबई कोणासारखी आहे, बर्फासारखी की चिखलासारखी?

पावसाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण व्हिडिओत तो एका वाक्यात उडवलाय: "जाळी लावा". सांताक्रूझला जून ते सप्टेंबर सरासरी २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपण टू-व्हीलरवाले रस्त्याच्या डाव्या कडेने जातो, पाणीही डाव्या कडेलाच गटाराशी साचतं, आणि हे कव्हर गाडीच्या डाव्या बाजूलाच, मागच्या चाकाच्या मध्याच्या उंचीला, खालची कड रस्त्यापासून थोडीशीच वर. हिंदमाताला किंवा अंधेरी सबवेला चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर धड असलेल्या कव्हरमध्येही बाहेर जायच्या वाटेने पाणी शिरू शकतं, हे खरं आहे, पण साधं शिंतडलेलं पाणी शिरत नाही. होल मारल्यावर प्रत्येक डबकं आत येणार. ओला बेल्ट पुलीवर घसरतो, तुम्ही थ्रॉटल पिळता, इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही, मागून ट्रक येतोय आणि तुम्ही रस्त्याच्या मध्ये. घसरला की घासून तापतो, कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात, मग वाळल्यावरही पकड येत नाही, गाडी उठताना थरथरते, पिकअप जातो. क्लचच्या शूजना (बेलला आतून पकडणाऱ्या पट्ट्यांना) पाणी लागलं तर तेही घसरतात. पाणी सुकतं पण त्यातला गाळ पुलीवर राहतो आणि नंतर सँडपेपरचं काम करतो. म्हणजे गरमी कमी करायला मारलेल्या होलने गरमीच वाढली! आणि जाळी? पान अडवेल, पाणी अडवणार नाही. इतकी बारीक घेतली की पाणी अडेल, तर हवाही अडेल, आणि एका पावसात चिखलाने लिंपून जाईल.

"कव्हर काढायची गरज नाही" हे ज्याने लिहिलंय त्याने आयुष्यात ड्रिल हातात धरलं नसावं. कव्हर अ‍ॅल्युमिनियमचं. बिट आत घुसताना जे चमकणारे कुरळे तुकडे निघतात ते बाहेरच पडतील असं कोणी सांगितलं? निम्मे आत जातात. बेल्टच्या रबरात रुततात, पुलीला ओरखडे काढतात, क्लचच्या बेलमध्ये अडकतात. आणि बिट आरपार होतो त्या क्षणी हात पुढे जातोच, पुढच्या भागात कव्हर आणि पंख्याच्या पात्यांमध्ये जागा फार थोडी, एक पाती तुटली तरी ती पुली मिनिटाला हजारो फेरे मारत थरथरत राहणार. कव्हरला आतून ज्या रिब असतात त्यांच्यावरून होल गेलं तर तिथून चीर जाते, आणि बऱ्याच स्कूटरमध्ये किकचा दांडा आणि स्प्रिंग याच कव्हरमध्ये बसवलेले असतात, तेव्हा किक मारली की जोर तिथेच.

काहीजण याच्याही पुढे जाऊन अख्खी खिडकी कापतात, आत बेल्ट फिरताना दिसतो म्हणून. आपल्याकडे साडी नेसलेली बाई मागे एका बाजूला बसते, पाय डावीकडे, म्हणजे बरोबर या कव्हरच्या वर. मागच्या चाकात कपडा अडकू नये म्हणून निम्मं चाक झाकणारं गार्ड द्यायलाच हवं असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १२३ व्या नियमात लिहिलंय, आणि तुम्ही चाकाच्या शेजारी चाकापेक्षा जोरात फिरणारी पुली उघडी ठेवताय? माझ्या भावाची बायको रोज तशीच बसते. बेल्ट तुटला तर त्याचे तुकडे अडवायला फक्त हे कव्हर असतं.

अ‍ॅव्हरेजबद्दल काय बोलायचं, बेल्ट घसरला तर अ‍ॅव्हरेज पडतंच. गाडी वॉरंटीत असेल तर कापलेलं कव्हर बघून सर्व्हिस सेंटरवाला काय म्हणेल ते तुम्हीच ठरवा.

बेल्ट खरंच लवकर जात असेल तर कव्हर नीट उघडून आत बघायला सांगा. ऑइल सील गळून बेल्टला तेल लागलंय का, व्हेरिएटरमधले रोलर (आतली गोल वजनं) एका बाजूने चपटे झालेत का, हवेची वाट धुळीने बंद झालीय का. मॅन्युअलमध्ये बेल्टची कमीत कमी रुंदी दिलेली असते, मेकॅनिकला व्हर्नियरने मोजायला सांगा, नुसतं "चालेल अजून" वर जाऊ नका. आणि फ्लायओव्हरच्या चढावर थ्रॉटल देऊन गाडी जागेवर तोलून धरायची सवय सोडा, ब्रेक धरा, कारण तेव्हा क्लच अर्धवट घसरत असतो आणि सगळी गरमी तिथेच तयार होते. डिलिव्हरीवाल्या पोरांचे बेल्ट आणि क्लच मला वाटतं यानेच जास्त जातात, कव्हर बंद आहे म्हणून नाही.

ज्यांनी होल मारून टाकलेत त्यांनी ते एमसीलने बुजवू नका, थरथरून त्याचा गोळा सुटला तर तो आतच पडेल. नवीन कव्हर परवडत नसेल तर कुर्ल्याला जुन्या स्पेअरवाल्यांकडे त्याच मॉडेलचं बघा, चीर नाही ना ते आतून-बाहेरून तपासून घ्या. ते बसवायच्या आधी आतला सगळा चुरा हवा मारून काढायचा, दोन्ही पुल्या पुसायच्या, बेल्टमध्ये तुकडे रुतलेले दिसले तर बेल्टही बदलायचा, आणि पॅकिंग फाटलं असेल तर नवीन टाकायचं. हे सगळं पहिल्या पावसाच्या आधी.