‘कळलं ना?’ हा प्रश्न मी विचारायचा सोडला

मागच्या गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, एक आजी दुकानात आल्या. पिशवीतून तीन अर्धवट पट्ट्या काढून काउंटरवर ठेवल्या. "पोरी, यातली जी संपत आलीय ती दे."

पहिली पट्टी गुडघ्यासाठी, हाडांच्या डॉक्टरांकडची. अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र. दुसरी कंबरेसाठी, गावातल्या डॉक्टरांकडची. डायक्लोफेनॅक. तिसरी कणकण वाटली म्हणून लेकाने फोनवर सांगितलेली, पॅरासिटामॉल ६५०. आजींच्या हिशेबी तीन दुखण्यांची तीन औषधं. खरं तर पहिल्या दोन एकाच घरातल्या सख्ख्या बहिणी, म्हणजे एकाच प्रकारची औषधं. तिसरी पहिलीच्या पोटात आधीच बसलेली.

आजींचं काय चुकलं? काहीही नाही. प्रत्येकाने "जेवणानंतर, दोन वेळा" सांगितलं आणि त्यांनी ते तंतोतंत पाळलं.

मी फार्मासिस्ट. बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात १९ वर्षं काउंटरवर उभी आहे. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. दुखायच्या गोळीने होणारं बरंचसं नुकसान गोळीमुळे नाही, आपण ती हातात कशी ठेवतो त्यामुळे होतं. पट्टी द्यायची, "कळलं ना?" विचारायचं, समोरून मान हलते, पुढचं गिऱ्हाईक. "कळलं ना?" या प्रश्नाला आपल्याकडे ‘नाही’ असं उत्तर कुणी देत नाही. शिकलेल्या माणसासमोर आपलं अडाणीपण कोण उघडं करेल?

मुळात डायक्लोफेनॅकसारख्या या गोळ्या काम कशा करतात तेच कुणी सांगत नाही. सूज आणि वेदना वाढवणारी जी द्रव्यं शरीरात तयार होतात, ती या गोळ्या कमी करतात. पण तीच द्रव्यं जठराचं आतलं अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा चालू ठेवायला मदत करतात. म्हणजे गुडघ्याची आग विझवायला टाकलेलं पाणी स्वयंपाकघरातही शिरतं. म्हणून काहींच्या पोटात जखम होते, तीही कधी कधी अजिबात न दुखता. डांबरासारखी काळी संडास झाली की मगच कळतं. त्यावर "गॅसची गोळी घेतो की" हे उत्तर मी रोज ऐकते. ती बहुधा पॅन्टोप्रॅझोल असते. ती पोटाला सांभाळते, किडनीला नाही. आणि ती सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते.

किडनीचं दुखणं तर मुकंच. बीपीसाठी टेल्मिसार्टन घेणारे आमच्याकडे घरोघरी आहेत. अनेकांच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही जोडलेलं असतं. त्यावर रोज डायक्लोफेनॅकसारखी गोळी पडली की तिघांचा भार एकदम किडनीवर येतो. त्यात जुलाब-उलट्या झाल्या, अंगातलं पाणी कमी झालं, तर चार दिवसांतही क्रिएटिनीन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, चढू शकतं. म्हणून दुखायची गोळी मागणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो, "बीपीची, शुगरची, हृदयाची कोणती गोळी चालू आहे?" लोकांना वाटतं, गुडघ्याचा आणि बीपीचा काय संबंध?

सगळ्यात जास्त काळजी मला ऊसतोडीला जाणाऱ्यांची वाटते. दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी व्हायला लागतात. निघायच्या आदल्या दिवशी लोक येतात आणि पट्टी नाही, सगळा डबाच मागतात. पहाटे फडात उतरायचं, वाकून तोडायचं, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरायची, कधी रात्री उशिरापर्यंत. खाडा झाला तर पैसे कापले जातात. बाया तर लघवीला आडोसा नाही म्हणून पाणीच कमी पितात. आणि दुखायच्या आधीच, सकाळी चहाबरोबर एक गोळी. "दिवस निघतो बघा ताई." उन्हात घाम, पाणी कमी, पोट रिकामं आणि वर रोजची गोळी. किडनीसाठी याहून वाईट गाठ मला तरी माहीत नाही.

त्यांना "दुखणं सोसा" म्हणायचा मला काय अधिकार? सोसतातच आहेत ती माणसं. म्हणून मी करता येईल तेवढंच सांगते. दुखायच्या आधी घेऊ नका. रिकाम्या पोटी नको. ज्या दिवशी जुलाब-उलटी, त्या दिवशी अजिबात नको. लघवी कमी झाली, पायावर सूज आली, दम लागला, तर गोळी थांबवून दवाखाना गाठा. एका सांध्यापुरतं दुखत असेल तर मलम लावा. त्यातलं औषध रक्तात फार थोडं उतरतं.

एक चूक इथे कबूल करायची आहे. काही वर्षांपूर्वी मी म्हाताऱ्या शेतकऱ्यांना गिधाडांची गोष्ट सांगायचे. जनावरांना डायक्लोफेनॅक दिलं जायचं, मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या. आकाशातली गिधाडं अशी संपत गेली आणि २००६ साली जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली. गोष्ट खरी आहे आणि गावाबाहेर गिधाडं उतरताना पाहिलेल्या माणसांच्या ती काळजाला भिडायची. पण एका आजोबांनी ती ऐकून घरातल्या सगळ्याच गोळ्या बंद केल्या, बीपीचीसुद्धा. मुलगा चिठ्ठी घेऊन आला तेव्हा मला कळलं. गिधाडाचं शरीर वेगळं, माणसाचं वेगळं, हे मी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी भीती घालून शिकवत नाही. घाबरलेला माणूस गोळी नीट घेत नाही, लपवून घेतो किंवा सगळंच सोडून देतो.

पॅरासिटामॉलला लोक ‘साधी गोळी’ म्हणतात. योग्य प्रमाणात ती बरीच सुरक्षित आहेच. पण मोठ्या माणसाला दिवसात ४ ग्रॅमच्या वर नाही, आणि अशक्त किंवा दारू पिणाऱ्याला त्याहूनही कमी. आता हिशेब करा. ६५० च्या चार म्हणजे २६०० मिलिग्रॅम. सर्दीच्या गोळीत बहुधा ५०० असतं, त्या तीन म्हणजे १५००. अंगदुखीच्या जोडगोळीत ३२५, त्या दोन म्हणजे ६५०. बेरीज ४७५०. आणि घेणाऱ्याला वाटतं, मी तर तीन वेगळी औषधं घेतली.

पावसाळ्यात ताप आला की डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नको. पोटुशी बाईला पाचव्या महिन्यापासून पुढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातली एकही नको. १२ वर्षांखालच्या लेकराला नायमेसुलाइड ही ताप-दुखण्याची गोळी २०११ पासून बंद आहे, तरी घरात उरलेली पट्टी मोडून देणारे भेटतात.

माझ्या व्यवसायबंधूंना हात जोडून एक सांगणं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला औषध समजावून सांगणं हे आपलं काम म्हणून लिहिलेलं आहे. ते उपकार नाहीत. सुट्ट्या गोळ्यांचा ‘डोस’ कागदाच्या पुडीत बांधून देणं आता तरी थांबवा. पुडीवर ना नाव, ना तारीख. उद्या त्या माणसाला काही झालं तर दवाखान्यातल्या डॉक्टरने काय वाचायचं? पट्टी कापताना नाव राहील अशी कापा. वाचता येत नसेल त्याच्यासाठी पाकिटावर सूर्य-चंद्र काढा. आणि शेवटी विचारा, "मी नीट सांगितलं की नाही ते मला कळू द्या. घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल?" दोन मिनिटं लागतात. रांगेतले लोक थांबतात, मी अनुभवाने सांगते.

त्या आजींसाठी मी दोन्ही डॉक्टरांना फोन केला. दोघांनाही एकमेकांच्या गोळीचा पत्ता नव्हता. एक पट्टी बंद झाली. काल आजी सुनेला घेऊन परत आल्या. मी विचारलं तर स्वतःच तिला सांगायला लागल्या, "या दोघी बहिणी हायेत. एक घरात असली की दुसरीला बोलवायचं नाही. अन् तापाची घेताना आधी हिच्यात ती हाय का ते ताईला विचारायचं."

गॅसची गोळी मात्र अजून जेवण झाल्यावरच घेत होत्या. ती पुन्हा सांगितली, आणि पाकिटावर सूर्याशेजारी रिकामी ताटली काढून दिली.