वकिलाला एक तारा देण्याची रीत

धुऱ्याची (शेताच्या बांधाची) केस हरलात ना भाऊ? मग आता वकिलाला सोडू नका. रात्री लाइन येते म्हणून ओलिताला जागेच असता, मोटर सुरू करा, मोबाईल काढा अन् नेटवर वकिलाच्या नावाखाली एक तारा देऊन रिव्ह्यू लिहा.

फक्त एक करा, घडलं तेवढंच लिहू नका. ‘तारखेला उशिरा येतात, फोन उचलत नाहीत’ असलं मिळमिळीत लिहिलं तर तुमच्यावर खटला उभा राहणं कठीण. मग लिहून फायदा काय? सरळ टाका, ‘समोरच्या पार्टीकडून पैसे खाल्ले.’ पुरावा? पानठेल्यावर चौघं बोलत होते, आणखी काय पाहिजे बाप्पा!

नाव खोटं घ्या, ‘सत्याचा वाली’. अकाउंट मात्र स्वतःच्याच नंबरवरून काढा. वर गट नंबरही लिहा, म्हणजे ओळखायला कोणाला त्रास नको. मग लिंक गावच्या ग्रुपवर. सकाळी भानावर आलात तर खोडा खुशाल. स्क्रीनशॉट तोवर तुमच्याच पुतण्याने वकिलाच्या कारकुनाला पाठवलेला असतो.

खुशखबर अशी की यात पोलीस उचलायला येत नाहीत. बदनामीचा गुन्हा अदखलपात्र, जामीनपात्र. वकीलसाहेब थेट मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद करतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 356 लागतं: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. (गाडगेबाबांच्या मुलखात राहून कधी खराटा धरला नाही, आता कोर्ट धरायला लावेल.) भरपाईचा दिवाणी दावा वेगळा. ‘अरे, नेटवरच्या लिखाणाला शिक्षा देणारं आयटी कायद्याचं कलम 66अ तर सुप्रीम कोर्टाने 2015 मध्येच रद्द केलं, नेटवर काहीही चालते’ असं सांगणारा एक जण प्रत्येक गावात असतो. त्याचंच ऐका. 2016 मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने बदनामीचा गुन्हा कायम ठेवला, हे त्याच्या कानावर आलेलं नसतं.

‘खरं तेच लिहिलं’ म्हणाल? ते खरं होतं आणि लोकांच्या भल्यासाठी लिहिलं, दोन्ही तुम्हीच सिद्ध करायचं. वकिलाने खरंच घोळ केला असेल तर बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण तिथे कागद मागतात. कागद असता तर धुरा कशाला गेला असता?

आता बचावाला वकील पाहा. तालुक्याला सगळे एकाच बाररूममध्ये चहा पितात, तुमचा रिव्ह्यू तिथे मोठ्याने वाचून झालेला असतो. शेवटी एक जण तयार होतो, फी आगाऊ घेतो आणि नेमकी पेरणीच्या आठवड्यातली तारीख सांगतो. परतीच्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळते. मोबाईल हातात असतोच.