‘एनसीएलटीत एक अर्ज, सगळी कर्जं माफ’ : त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

इंदूरच्या मराठी घरांतल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. नात्यातल्या एका काकांचा सांवेर रोडवर छोटा कारखाना आहे. त्यांनी तो वाचून या महिन्याचा हप्ता थांबवला, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेजचा मथितार्थ असा : २०१६च्या दिवाळखोरी कायद्याने कुणीही एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) अर्ज केला की घर, गाडी, क्रेडिट कार्ड, सगळं कर्ज माफ, कंपनी बुडाली की जामीनदार आपोआप मोकळा, अर्जाआधी घर बायकोच्या नावावर करून टाका, तीन वर्षं काढली की कर्ज मरतं, बँकेने राइट-ऑफ केलं म्हणजे सोडून दिलं, वसुलीवाला दारात आला तर सरळ पोलिसांत द्या. खाली एक मोबाइल नंबर आणि ‘कर्जमुक्ती प्रमाणपत्रा’ची फी.

आधी त्या फीबद्दल. रिझर्व्ह बँकेने ११ डिसेंबर २०२३ रोजी नेमक्या याच धंद्याबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे : कर्जमाफीचं आमिष दाखवणाऱ्या जाहिराती चालू आहेत, काही मंडळी कोणताही अधिकार नसताना फी घेऊन कर्जमाफीची प्रमाणपत्रं देत आहेत, त्यांच्या नादी लागू नका. बाकी काही वाचायला वेळ नसेल तर एवढं पत्रक शोधून ग्रुपवर टाका. असं प्रमाणपत्र द्यायचा अधिकार देशात कोणत्याही खासगी माणसाला नाही.

आता ‘कुणीही’. एनसीएलटीत कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) जाते, तुमच्या-आमच्यासारखा साधा कर्जदार नाही. सियागंजात नाहीतर सांवेर रोडवर पाटीवर ‘इंडस्ट्रीज’ लिहिलं, जीएसटी नंबर घेतला, उद्यम नोंदणी केली, तरी मालक एकटा असेल तर कायद्याच्या नजरेत धंदा आणि मालक एकच. तिथे कंपनी नावाची वेगळी व्यक्तीच नसते, त्यामुळे ‘कंपनी दिवाळखोरीत काढतो’ म्हणायची सोय नाही. खऱ्या कंपनीविरुद्धसुद्धा प्रक्रिया सुरू व्हायला मार्च २०२०पासून किमान १ कोटीची थकबाकी लागते. आणि ती सुरू झाली की संचालक मंडळाचे अधिकार गोठतात, कारभार रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या बाहेरच्या व्यावसायिकाकडे, जातो, निर्णय कर्ज देणाऱ्यांची समिती घेते. मालकाला आपल्याच कारखान्याचा चेक फाडता येत नाही. याला ‘माफी’ म्हणणाऱ्याने हा कायदा उघडूनही पाहिलेला नाही.

इथे एक अर्धसत्य मान्य करायला हवं. त्या कायद्याच्या तिसऱ्या भागात माणसांसाठी आणि भागीदारी फर्मसाठी तरतुदी खरोखरच आहेत आणि त्यात ‘फ्रेश स्टार्ट’ नावाचं प्रकरणही आहे, ज्यात छोट्या माणसाचं कर्ज खरंच पुसलं जाऊ शकतं. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तिथूनच उचललंय. पण कलम ८० वाचा. वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, एकूण मालमत्ता २०,०००च्या आत, माफीला पात्र कर्ज ३५,०००च्या आत, आणि स्वतःचं घर नको, गहाण असलेलंसुद्धा नाही. ज्याला गृहकर्ज मिळालंय तो या यादीतून तिथेच बाद होतो. त्यातही मुख्य गोष्ट अशी की हा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता लागू केला गेला. बाकी सामान्य माणसासाठी तो अंमलात आलेला नाही. म्हणजे ‘फ्रेश स्टार्ट’चा अर्ज स्वीकारायला कुठे खिडकीच नाही.

मग इंदुरातल्या कर्जबाजारी माणसाला कोणता कायदा? १९२०चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदा. इंग्रजांच्या काळातला, पण जिवंत. अर्ज जिल्हा न्यायालयात. कर्जाची किमान रक्कम ५०० रुपये, म्हणजे दार सताड उघडं. आत गेल्यावर काय होतं ते मात्र मेसेजमध्ये नाही. हिशेबाच्या वह्या आणि मालमत्तेची, धनकोंची (कर्ज देणाऱ्यांची) पूर्ण यादी द्यावी लागते. न्यायालयाने नादार ठरवलं की तुमची सगळी मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते, आणि न्यायालयाकडून नादारीतून मुक्ती मिळेपर्यंत नव्याने जे कमवाल, वारसाने मिळवाल, तेही तिकडेच. जप्तीतून वगळलेल्या थोड्या वस्तू तेवढ्या वाचतात. हो, तारण नसलेले धनको न्यायालयाच्या परवानगीशिवाय नवा दावा लावू शकत नाहीत, एवढा दिलासा खरा. पण कलम २८ स्पष्ट सांगतं की तारण घेतलेल्या धनकोचा हक्क अबाधित राहतो. घर बँकेकडे गहाण आहे? बँक ते विकणारच.

शेवटची मुक्तीही आयती मिळत नाही, तिच्यासाठी वेगळा अर्ज लागतो. कलम ४२ प्रमाणे मालमत्तेतून बिनतारणी देण्यांच्या रुपयामागे आठ आणेही निघत नसतील तर न्यायालय बिनशर्त मुक्ती नाकारतं. ही वेळ आपल्या दोषाने आली नाही हे सिद्ध करणं तुमच्यावर. क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोन मिळून १० लाख असतील तर ५ लाखांची मालमत्ता दिसायला हवी. सरकारी देणी आणि पोटगी मुक्तीनंतरही मानगुटीवर राहतात. आणि त्या मधल्या काळात आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांचीही उधारी घेतली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, कलम ७२. पोहे-जिलेबीचं खातं ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

सगळ्यात घातक मुद्दा जामीनदाराचा. छोट्या प्रायव्हेट लिमिटेडला बँक संचालकांच्या वैयक्तिक हमीशिवाय सहसा कर्ज देतच नाही, आणि संचालक म्हणजे घरचेच : नवरा, बायको, कधी सासरे. बँकेचा माणूस कागदांवर पेन्सिलीने फुल्या मारून आणतो आणि घरातले मजकूर न वाचता फुलीवर सह्या करतात. त्या गठ्ठ्यातच हमीपत्र असतं. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कंपनीकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही. एनसीएलटीत प्रक्रिया चालू असताना दावे आणि वसुली थांबते, त्या स्थगितीचं संरक्षण कंपनीला मिळतं. जामीनदार त्यातून वगळलेला आहे, हे २०१८च्या दुरुस्तीने दिवाळखोरी कायद्याच्या कलम १४ मध्येच लिहून ठेवलंय. ललितकुमार जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी सांगितलं की कंपनीची कर्ज निपटाऱ्याची योजना मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही. आकड्यात बोलायचं तर कंपनीचं कर्ज २ कोटी, नव्या मालकाच्या योजनेतून बँकेला मिळाले ७० लाख. उरलेल्या १ कोटी ३० लाखांसाठी बँक हमी देणाऱ्यांच्या घरावर येऊ शकते. कंपनीच्या नावाने दिलेल्या चेकचंही तेच : स्थगितीत कंपनीविरुद्धचा चेक न वटल्याचा (कलम १३८चा) खटला थांबतो, सही करणाऱ्या संचालकाविरुद्धचा चालूच राहतो.

घर बायकोच्या नावावर करण्याचा सल्ला देणाऱ्याला तर हात जोडावेत. नादारी कायद्याचं कलम ५३ : मोबदला न घेता केलेल्या हस्तांतरणानंतर दोन वर्षांत नादारीचा अर्ज पडला आणि माणूस नादार ठरला, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं धनकोंना फसवण्याबद्दलचं कलमही योगायोगाने ५३च. गहाण मालमत्तेवर सरफेसीची (न्यायालयात न जाता बँकेला तारण विकू देणाऱ्या कायद्याची) नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय ती विकणं किंवा भाड्याने देणं कायद्याने बंद आहे. बक्षीसपत्राचा मुद्रांक आणि वकिलाची फी तेवढी वाया जाते, वर न्यायालयात तुमचा हेतू उघडा पडतो तो वेगळाच.

तीन वर्षांत कर्ज मरतं? दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं, हे बरोबर. पण त्या मुदतीत शिल्लक मान्य केल्याच्या कागदावर सही केलीत की घड्याळ पुन्हा शून्यावर. गहाण मालमत्तेसाठी मुदत १२ वर्षं, हुकूमनामा (न्यायालयाचा वसुलीचा निकाल) झाला तर अंमलबजावणीला आणखी १२. राइट-ऑफ ही बँकेच्या ताळेबंदातली नोंद. वसुली चालूच असते.

वसुलीवाल्यांबद्दल मात्र मेसेज निम्मा बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२च्या सूचनेनुसार सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर थकबाकीसाठी फोन करता येत नाही, धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांत बदनामी यांना मनाई आहे. तक्रार आधी बँकेकडे लेखी, ३० दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. धमकी दिली तर पोलिसांत जाच. निव्वळ कर्ज थकणं हा गुन्हा नाही, हेही खरं. पण खात्यात पैसे न ठेवता चेक किंवा ऑटो-डेबिट परत जाऊ दिलं आणि नोटिशीनंतरही भरलं नाही, तर दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हप्ता ‘थांबवणं’ म्हणतात ते व्यवहारात बहुतेक वेळा हेच असतं.

हप्ता झेपत नसेल तर ९० दिवस पुरे होऊन खातं एनपीए (बुडीत खात्याकडे झुकलेलं, थकीत) होण्याआधी बँकेकडे लेखी पुनर्रचना मागा. सरफेसीची कलम १३(२)ची, म्हणजे थकबाकी भरा सांगणारी, नोटीस आली तर ६० दिवस हातात असतात. त्यात आकड्यांवरचे आक्षेप मुद्देसूद लिहून द्या, बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झालीच तर ४५ दिवसांच्या आत डीआरटी (कर्ज वसुली न्यायाधिकरण) गाठा, आणि ती आपल्याला जबलपूरला पडते, तेव्हा चाळिसाव्या दिवशी वकील शोधू नका. एकरकमी तडजोड करायची तर तोंडी शब्दावर एक रुपया भरू नये. मंजुरीपत्रात खाते क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख, चेकचे खटले मागे घेणं आणि जामीनदारांची मुक्तता हे सगळं लिहून घ्या. सिबिलवर ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ दिसेल, पुढचं कर्ज त्यामुळे अवघड जाईल, ही किंमत आधीच हिशेबात धरा. पैसे पूर्ण भरल्यापासून ३० दिवसांत घराची मूळ कागदपत्रं परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक १३ सप्टेंबर २०२३चं.