लो बजेट आहे म्हणून काहीही बोलाल का?

शुक्रवारी छोटा मराठी थ्रिलर लागतो आणि शनिवारी सकाळचा चहा व्हायच्या आत नेटवर कुणीतरी खुनी कोण ते जाहीर करून मोकळं झालेलं असतं. आधी सावध करणं नाही, "ज्यांना बघायचाय त्यांनी पुढे वाचू नका" अशी एक ओळ नाही, थेट पहिल्या वाक्यात "वहिनीच खुनी निघते, मला इंटरव्हलच्या आधीच कळलं होतं, टाइमपास पण नाही". अरे तुझा वेळ गेला तर गेला, माझा का घालवतोस? मी रविवारचं तिकीट काढून बसलेय, दोन तिकिटं, नवऱ्याला कसंबसं तयार केलंय मराठी थ्रिलर बघायला, आणि तू एका ओळीत सगळ्याची माती केलीस. आणि हे मोठ्या पिक्चरच्या बाबतीत होत नाही एवढं, तिथे लोक तोंड सांभाळतात कारण चार जण अंगावर येतात. छोट्या पिक्चरला कोण वाली? तिथे कुणीही काहीही बोलून जावं.

लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं 'द माऊसट्रॅप' नाटक 1952 पासून चालू आहे, कोव्हिडमध्ये बंद होतं तेवढं सोडा. प्रयोग संपला की स्टेजवरून प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. सत्तर वर्षं लोक हे ऐकतायत आणि बहुतेक जण पाळतायत, पुढच्याला पण ती मजा मिळावी म्हणून. आपल्याकडे रविवारपर्यंत दम निघत नाही. 1960 साली दिग्दर्शक हिचकॉकने 'सायको' हा थ्रिलर आणला तेव्हा सुरू झाल्यावर कुणाला आत सोडायचं नाही असा नियम केला आणि शेवट कुणाला सांगू नका अशी जाहिरात केली. आणि तो पिक्चर पण त्याच्या मानाने स्वस्तातलाच होता बरं का, आठ लाख डॉलरच्या आसपास, ब्लॅक अँड व्हाइट, टीव्ही मालिकेची टीम घेऊन केलेला. म्हणजे ज्याच्याकडे बाकी भपका नाही त्याच्याकडे एकच गोष्ट असते, पुढे काय होणार हे तुम्हाला माहीत नसणं. तीच काढून घेतली तर उरलं काय त्या पिक्चरमध्ये?

आणि हे "मला आधीच कळलं होतं" वाले तर डोक्यात जातात अगदी. आमच्या ऑफिसात एक जण आहे, कुठलाही थ्रिलर असो, त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळलेलं असतं. कळलेलं असतं म्हणजे काय? पिक्चरमध्ये संशयित सहा. त्याने मनातल्या मनात नवऱ्यावर संशय घेतला, मग भावावर, मग त्या शांत शांत डॉक्टरवर, शेवटी डॉक्टर निघाला की "बघा मी म्हटलं नव्हतं!" घरातल्या सहा जणांनी सहा वेगळी नावं घेतली तर एकाचं बरोबर येणारच ना, त्यात पिक्चरचा काय दोष? आणि समजा खरंच कळलं, तरी सगळा पिक्चर तेवढ्यावरच वाईट ठरतो का? खुनी कोण हे पहिल्याच रीळात दाखवून मग तो पकडला जाईल का नाही यावर दोन तास खुर्चीत बांधून ठेवणारे पिक्चर आहेत जगात. पण नाही, यांच्यासाठी थ्रिलर म्हणजे कोडं, सुटलं की फेकून द्यायचं.

मोबाईल बघत बघत पिक्चर बघणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं. घरी लावायचा, अर्धा वेळ रील्स, मध्ये भाजी परतून यायची, कंटाळा आला की दीडच्या स्पीडने पळवायचा, आणि संपल्यावर ठणकावून सांगायचं, "काही कळत नाही हो, उगाच गोल गोल फिरवलंय". ख्रिस्तोफर नोलनचा पहिला पिक्चर घ्या, 'फॉलोइंग', 1998 चा. अनोळखी लोकांच्या मागे मागे फिरणाऱ्या एका रिकामटेकड्या लेखकाची गोष्ट, त्याला एक घरफोड्या भेटतो आणि तिथून सगळं फिरतं. गोष्ट सरळ सांगितलेली नाही, तुकडे मागेपुढे केलेत. पण कुठला तुकडा कधीचा ते समोर दिसतं की! त्या पोराचे केस वाढलेले आणि अवतार गबाळा असेल तर आधीचं, केस कापून सूट घातलेला असेल तर नंतरचं, तोंड सुजलेलं असेल तर त्याच्याही पुढचं. एक पाटी लावायची गरज नाही, एक पैसा खर्च नाही, फक्त नटाच्या तोंडाकडे बघायचं. पण त्यासाठी स्क्रीनकडे बघावं लागतं! मी हा पिक्चर ज्यांना ज्यांना बघा म्हणून सांगितला त्यातल्या निम्म्यांनी "ब्लॅक अँड व्हाइट आहे, बोअर आहे, कॉलेजच्या पोरांनी केल्यासारखा वाटतो" एवढंच ऐकवलं. केसांचं काय झालं विचारलं तर, "कुठले केस?"

हो, केलाय पोरांनीच. सगळा खर्च सहा हजार डॉलरच्या आसपास, तेव्हाच्या भावाने अडीच लाखांच्या आतबाहेर. नटमंडळी म्हणजे मित्र, सगळे आठवडाभर नोकऱ्या करणारे, म्हणून शूटिंग शनिवारी, असं जवळजवळ वर्षभर चाललं. लाइट भाड्याने आणायला पैसे नाहीत म्हणून खिडकीतून येईल त्या उजेडात शूट केलं. सगळ्यात महाग काय तर फिल्मची रीळं, म्हणून आधी नाटकासारख्या तालमी केल्या आणि मग एक नाहीतर दोन टेकमध्ये सीन उरकले. ब्लॅक अँड व्हाइट घेतला कारण कमी साधनांत तो बरा दिसतो. सत्तर मिनिटांचा पिक्चर, एक सीन फुकट नाही. आणि आपण काय बोलणार, तर गरीब दिसतो. अरे दिसणारच!

मला राग याचा येतो की "बजेट कमी वाटतं" हे लोक मत म्हणून सांगतात. हे मत नाहीये, ही माहिती आहे, आणि ती निर्मात्याला तुमच्याआधीपासून माहितीये. पैसे कमी असले की रात्रीचं आउटडोअर शूटिंग जमत नाही, जनरेटर लागतो, लाइट लागतात, परवानग्या लागतात. गर्दी आणता येत नाही. गाड्यांचा पाठलाग होत नाही. पोलीस स्टेशन म्हणजे एक खोली, एक टेबल, मागे महाराष्ट्राचा नकाशा. हे सगळं मला मान्य आहे, मी त्यावर एका शब्दाने बोलणार नाही. पण त्या टेबलापलीकडे बसलेला इन्स्पेक्टर काय प्रश्न विचारतो याला किती पैसे लागतात? समोरचा खोटं बोलतोय हे आपल्याला कळावं आणि इन्स्पेक्टरला कळू नये, हे कागदावर लिहायला कुठला जनरेटर लागतो?

इथेच दुसरी जमात येते आणि ती मला पहिलीपेक्षा जास्त चीड आणते. "मराठी माणसाने केलाय, कमी पैशात केलाय, सपोर्ट करा, दहापैकी दहा." कशाला दहा? पिक्चर बघितलास का? नाही, बघायचाय अजून, पण दिग्दर्शक मित्राचा मित्र आहे. कुणाच्या बहिणीने कपडे केलेत, कुणाच्या मावसभावाने हवालदाराचं काम केलंय, सगळे धडाधड दहा दहा देऊन येतात, आणि लिहितात काय, "मस्ट वॉच, हॉलिवूड फेल". हे वाचून एखादा बिचारा साडेतीनशेचं तिकीट काढून जातो, निराश होतो आणि रागारागाने एक देऊन येतो. साधा हिशोब करा, वीस जणांनी मनापासून सात दिले असतील तर सरासरी सात. त्यात दहा दोस्तांनी दहा दहा ओतले की आठ. दोस्तांऐवजी दहा चिडलेल्यांनी एकेक दिला की पाच. ज्या पिक्चरला हजारो लोक मतं देतात तिथे याने फरक पडत नाही, छोट्या पिक्चरचं सगळं नशीब या तीसचाळीस लोकांच्या हातात असतं. त्यातले खरे वीस कोण ते शोधायचं कसं मी? मला संध्याकाळी बघायचाय पिक्चर, मी काय तपास करत बसू?

आणि ही "सपोर्ट करा"वाली माणसं दिग्दर्शकाचं भलं करतायत असं त्यांना वाटतं, पण खरं नुकसान तेच करतात. कारण कुणी चूक दाखवली की लगेच, "कमी बजेट आहे हो, समजून घ्या". काय समजून घ्या? मागच्या वर्षी एक पिक्चर बघितला, नाव घेत नाही. गोष्ट आजची, सगळ्यांच्या हातात नवे फोन, चहाचे पैसे पण स्कॅन करून देतायत, आणि खून झाल्यावर साहेब ओरडतात "तीनशे दोन लावीन!" अहो 1 जुलै 2024 पासून जुन्या आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झालीय, त्यानंतरच्या खुनाला कलम 103 लागतं. बरं, सवय असते, साहेब बोलून गेले, सोडून देऊ. पण क्लायमॅक्स? खुनी पोलीस स्टेशनात इन्स्पेक्टरसमोर ढसाढसा रडत सगळं कबूल करतो, इन्स्पेक्टर फाइल बंद करतो, केस खल्लास, पडद्यावर नावं सुरू. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही! जुन्या पुरावा कायद्यात नव्हता चालत आणि नव्यात पण नाही. आरोपीने सांगितलेल्या जागी हत्यार सापडलं तर त्या सांगण्यातला तेवढाच भाग चालतो, म्हणून तर पंच घेऊन जातात, पंचनामा करतात. हा सीन किती भारी झाला असता सांगा मला! तो खुनी पुढे चालतोय, मागे दोन घाबरलेले पंच, विहिरीच्या काठी सगळे थांबलेत आणि चाकू मिळतो का नाही यावर सगळी केस टांगलेली. खर्च किती? एक विहीर, पाच माणसं, दिवसाउजेडी. वकिलाला एक फोन केला असता तर हा शेवट मिळाला असता. हा आळस आहे, बजेट नाही. आणि हे मी बोलले तर मलाच ऐकवतात की तू मराठी पिक्चरच्या विरोधात आहेस. मी तिकीट काढून बघितला, शेवटपर्यंत बसून बघितला, म्हणून तर मला एवढं आठवतंय.

तसंच आवाजाचं. संवाद नंतर स्टुडिओत डब करतात तेव्हा ओठ एकीकडे आणि शब्द एकीकडे, बाहेर रस्ता दिसतोय पण एक हॉर्न ऐकू येत नाही, आणि दर दोन मिनिटांनी कुणी दार उघडलं तरी ढँण्ण करून म्युझिक. घाबरवायचंय तर शांतता ठेवा ना, शांतता फुकट मिळते. पण याबद्दल कुणी बोलतच नाही! मतं वाचायला जा, शंभरातली नव्वद "ओके ओके", "वन टाइम वॉच", "साऊथवाल्यांकडून शिका", "हिरोईन जुनी वाटते". हिरोईन जुनी वाटते! त्या एका पिक्चरमध्ये बाई इतकं सुंदर काम करते, नवऱ्याचं प्रेत ओळखायला नेल्यावर आधी त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण बघते आणि मग चेहरा, माझ्या अंगावर काटा आला त्या सीनला, आणि यांना तिचं वय दिसलं फक्त.

हे नुसतं बोलणं असतं तर मी एवढी भडकले नसते. पण या पिक्चरांकडे जाहिरातीला पैसा नसतो, होर्डिंग नसतात, चॅनेलवर जाऊन नाचायला मिळत नाही. लोक एकमेकांना काय सांगतात एवढाच त्यांचा आधार. शो मिळतात ते पण कसले, सकाळी सव्वाअकरा नाहीतर दुपारी पावणेतीन, नोकरी करणाऱ्याने कधी बघायचा? शनिवार-रविवारी हॉल भरला नाही की सोमवारपासून शो कमी, दुसऱ्या शुक्रवारी पोस्टर पण खाली. म्हणजे सगळा खेळ तीन दिवसांचा, आणि त्या तीन दिवसांत एक जण खुनीचं नाव फोडतो, दुसरा न बघताच दहा देतो, तिसरा भाजी परतत बघून "कळलं नाही" म्हणतो. ज्याने नीट बघितला, ज्याला सांगता येईल की पहिला अर्धा तास संथ आहे पण थांबा, पुढे पकडतो, किंवा गोष्ट चांगली आहे पण शेवट गंडलाय, तो माणूस गप्प बसतो कारण कुठल्यातरी बाजूने शिव्या खायच्याच आहेत.

आमच्या चुलत काकांनी परवा सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मराठीत चांगले थ्रिलर बनतच नाहीत. मी म्हटलं काका, थिएटरात जाऊन शेवटचा कुठला बघितलात? तर म्हणे, जायची काय गरज आहे, लोक सांगतात की. तो शर्टाच्या बटणाचा सीन होता ना, तो पिक्चर आमच्या गावात आठ दिवस पण टिकला नाही. मला आईला घेऊन परत बघायचा होता. दुसऱ्या आठवड्यात शोधला तर जवळचा शो साठ किलोमीटरवर होता, तो पण सकाळचा.