पाटा तुटला

फैजपुरात 1936 साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. त्याच फैजपुरात गेल्या मे महिन्यात माझ्या जुन्या ट्रकनं बसकण मारली. गर्दी तेव्हाएवढी नव्हती, पण भाषणांत कसर राहिली नाही.

गतिरोधकावरून उतरताना मागून 'खाड्' झालं आणि गाडी डाव्या कुशीवर कलली. वाकून पाहिलं, तर गाडीचं ओझं झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या कमानीतला मेन पाटा जिथे वळून पिनेला वेढा घालतो, नेमका तिथेच तुटलेला. ओझं आलं की कमान सपाट होते, सपाट झाली की लांबते. त्या वाढीव लांबीला जागा मिळावी म्हणून मागच्या टोकाला शॅकल, म्हणजे पाटा गाडीच्या सांगाड्याला जोडणारा दुवा, झुलत असतो. माझा शॅकल गंजून कधीच समाधिस्थ झाला होता. बिचारा पाटा किती दिवस सोसणार?

"काय झालं रे भो?"

"पाटा तुटला."

"ग्रीस कव्हा मारलं होतं?"

हा प्रश्न मला त्या दिवशी अकरा जणांनी विचारला. अकरावा तर सायकलवाला होता, आणि त्याच्या स्वतःच्या चेनीतून कोल्हेकुई ऐकू येत होती. ग्रीस मारायला दोन मिनिटं लागतात हे मला ठाऊक आहे. पण आम्ही जाताना केळी नेतो, येताना खत आणतो. फाटक्या पोत्यातलं खत आणि हौदा धुतल्याचं पाणी थेट शॅकलवर गळतं. खतानं पिकं वाढतात तसा गंजही वाढतो.

घरी फोन केला. मायला ऐकू कमी येतं. "पाटा फुटला? मंग वरवंटा तरी नीट ठेवजो!"

केळी दुसऱ्या गाडीत भरून दिली आणि मिस्तरीची वाट पाहत बसलो. जळगाव जिल्ह्यातला मे म्हणजे पारा पंचेचाळिसाच्या आसपास. खाली ठेवलेला पाना उचलला आणि तेवढ्याच वेगानं परत ठेवला. काळ्या मातीवर जॅक लावला, तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली जाऊ लागला. शेवटी शेजारच्या वखारीतून ओंडका आणून त्याखाली सारला.

मिस्तरी आला, गोणपाट टाकून गाडीखाली शिरला. पिनेवर डिझेल ओतलं, बिडी ओढायला लांब जाऊन बसला. परत आला आणि घण घेतला. घणाच्या प्रत्येक घावागणिक पिनेचं डोकं भूछत्रासारखं पसरत गेलं, पिन मात्र तसूभरही सरकली नाही. जमलेल्यांपैकी एकानं "उलट्या बाजूनं मारा" सांगितलं. उलट्या बाजूलाही भूछत्र उगवलं.

"आता येले गॅसच लावा लागीन," मिस्तरी म्हणाला. हे त्याला डिझेल ओतण्याआधीच ठाऊक होतं, असा माझा आजही संशय आहे.

डिझेलच्या टाकीवर ओलं गोणपाट पांघरलं, तेव्हा कुठे निम्मी गर्दी पांगली. पिन कापून निघाली ती खापरावरच्या पुरणपोळीच्या रंगाची. तोवर भाचा जळगावहून पाटा, पिन आणि पिनेभोवती बसणारा बुश घेऊन आला. बुश मापापेक्षा बारीक निघाला, भाचा परत गेला. मुक्काम फैजपुरी. रात्री शेवभाजी, आणि झोप हौद्यात, कलत्या बाजूला घरंगळत घरंगळत.

सकाळी मिस्तरीनं पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या भोकात बसवायला तासभर घेतला. ते नीट बसलं नाही तर चाक तिरकं धावतं. पाटे एक्सलला आवळणारे यू बोल्ट जुनेच लावू म्हटलं तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप नव्यांचे पैसे काढले. एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा तसा धरत नाही म्हणे.

"पाटे जोडीनं बदलतात भो. उजवा पण घे."

इथे मात्र मी माघार घेतली नाही. पैसे काय झाडाला लागतात? केळीला लागायचे, पण यंदाचा भाव विचारू नका.

आता गाडी डावीकडून दीड इंच उंच आहे. फिटनेस तपासणीला दरवर्षी जावं लागतं, तिथे काय सांगायचं ते बघू. काल मात्र शहाण्यासारखा ग्रीसगन घेऊन उजव्या शॅकलखाली आडवा झालो. ग्रीस भरायच्या निपलला नळी लावली आणि जोर लावून दाबली. सगळं ग्रीस बाहेरून ओघळून माझ्या छातीवर आलं, आत थेंबही गेला नाही.

आजूबाजूला कोणी पाहत नाही याची खात्री केली, आणि ग्रीसगन सीटमागे ठेवून दिली.