सार्कोकोकाच्या झुडपाबद्दलच्या आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या रोपवाटिकेतून नेलेले सार्कोकोका कन्फ्यूझाचे झुडूप आपण एका मोठ्या झाडाच्या बुंध्याजवळ लावले, पानगळीच्या दिवसांत आकार यावा म्हणून त्याचे शेंडे छाटले, आणि हिवाळाभर वाट पाहूनही फूल आले नाही, उलट पाने पिवळी पडली. त्यामुळे ‘सावलीत फुलणारे, सुगंधी, सदाहरित’ हे आमचे वर्णन फसवे असल्याचे आपण लिहिले आहे. आपली निराशा मी समजू शकतो, कारण बाग ओकीबोकी असताना येणाऱ्या त्या वासासाठीच हे झुडूप लावले जाते. तरीही वर्णन खरे आहे आणि ते मी बदलणार नाही.

फुले न येण्याचे कारण बहुधा त्या छाटणीतच आहे. याच्या कळ्या थंडी सुरू होण्याआधीच पानांच्या बेचक्यांत धरलेल्या असतात, त्यामुळे पानगळीत शेंडे कापले की येणारा बहरही त्यांच्याबरोबर जातो. छाटणी करायचीच असेल, तर ती फुले सरल्यावर, वसंताच्या सुरुवातीला करावी. शिवाय या फुलांना पाकळ्या नसतात. पानांखाली दडलेले पांढुरके पुंकेसरांचे झुबके तेवढे दिसतात, आणि ते शोधण्याआधी वासच येतो.

पिवळेपणाबद्दल मला अधिक काळजी वाटते. हे झुडूप कोरडी सावली सोसते, पण मुळे नीट पसरल्यावर. पहिली एक-दोन वर्षे मोठ्या झाडाची मुळे त्याच्या वाटचे पाणी ओढून घेतात आणि वरचा पर्णसंभार पाऊसही अडवतो. बुंध्याजवळची माती बोटभर खोल उकरून पाहावी. ती कोरडी असेल, तर सावकाश भरपूर पाणी घालून वर कुजलेल्या पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा, मात्र तो खोडाला टेकू देऊ नये. माती चिकट आणि सतत ओली असेल, तर दोष निचऱ्याचा आहे आणि आणखी पाणी घातल्याने नुकसानच होईल. चुनखडीच्या जमिनीत लोह नीट न मिळाल्याने काही झाडांची पाने पिवळी पडतात, पण याला ती जमीन चालते, म्हणून केवळ पाने पिवळी दिसली एवढ्यावरून लोहाचे खत घालण्याची घाई करू नये.

डॅफ्नी या दुसऱ्या एका सुगंधी झुडपाला मुळांची हलवाहलव मुळीच खपत नाही; हे झुडूप मात्र लहान असेतो मुळांच्या गोळ्यासकट, थंडी ओसरल्यावर, बुंध्यापासून थोडे दूर हलवता येते. हलवण्याआधी एखाद्या काडीची साल नखाने हलकेच खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले, तर झुडूप जिवंत आहे. सगळ्या काड्या आतून तपकिरी आणि ठिसूळ निघाल्या, तर मुळांची छायाचित्रे आम्हाला पाठवावीत. ती पाहून, कुंडीतल्यासारखी गुंडाळलेली मुळे बाहेरच्या मातीत शिरलेलीच नसतील, तर दुसरे रोप आम्ही विनामूल्य देऊ आणि ते कोठे लावावे हे आपल्या जागेची छायाचित्रे पाहून सुचवू.